गटात फोटो टाकला, उत्तर आलं नाही. आता गट सोडू का?

वाचकांचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

‘नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. पाटण तालुक्यात डोंगरउतारावर आमचं घर आहे. मुलांना पानं-फुलं दाखवण्यात माझं आयुष्य गेलं, पण नावं गावात ऐकली तेवढीच ठाऊक. पुण्याला असलेल्या मुलीने मला वनस्पती ओळखण्याच्या एका मोठ्या ऑनलाइन गटात घेतलं. तिथे देशभरातले प्राध्यापक, वनखात्यातली माणसं, फोटो काढणारे आहेत. घरामागच्या एका रोपाचा फोटो मी टाकला आणि लिहिलं, “हे काय आहे? कृपया ओळखावे.” दोन दिवस कुणी काही बोललं नाही. इतरांच्या फोटोंखाली मात्र प्रतिसादांची रांग. तिसऱ्या दिवशी एकांनी लिहिलं, “आधी नियम वाचा, मग पोस्ट टाका.” इतकी वर्षं शिकवल्यावर असं ऐकावं लागलं, फार लागलं मनाला.

हे रोप पहिल्या वळवानंतर कातळाच्या भेगेतून येतं. आधी गुलाबी तुरा, पानं मागून. कंद मोडला की कैरीसारखा वास. आमच्या वाडीत त्याला रानहळद म्हणतात, शेजारच्या गावात रानहळद म्हणून दुसरंच रोप दाखवतात. मुका मार लागला की सासूबाई कंद उगाळून लावायच्या. नाव कळावं एवढीच इच्छा होती. माझं इंग्रजी बेताचं. मुलगी म्हणते, सोड तो गट, व्हॉट्सॲपवर दुसरे पुष्कळ आहेत. सोडू का?’

– एक निवृत्त शिक्षिका, पाटण तालुका

ताई,

सोडू नका. निदान हा पावसाळा संपेपर्यंत तरी नाही.

तुमच्या पत्राचा दुसरा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. पहिला वळीव, कातळाची भेग, आधी तुरा आणि मग पान, कैरीचा वास, दोन गावांत एकाच नावाची दोन रोपं, मुका मार. रोप ओळखणाऱ्या माणसाला जे हवं असतं त्यातलं बरंचसं इथे आलंय. पण हे सगळं तुम्ही मला लिहिलंत. गटाला दिलात एक फोटो आणि ‘हे काय आहे?’ एवढा प्रश्न. उत्तर न येण्याचं कारण मला तरी इथेच दिसतं, आणि ते तुमच्या वयात, इंग्रजीत किंवा नवखेपणात कुठेच नाही.

पलीकडच्या माणसाच्या जागी बसून बघा. रात्री जेवणं उरकल्यावर कुणी प्राध्यापक मोबाइल उघडतात. समोर तुमचा फोटो: वरून काढलेली चार हिरवी पानं. जागा नाही, महिना नाही, उंची नाही. हळदीच्या कुळातली पानं वरून पाहिली तर एकीसारखी दुसरी. तिथे ओळख पटते ती वेगळ्याच खुणांवर. तुरा जमिनीतून पानांच्या शेजारी निघालाय की पानांच्या मधून वर आलाय? काही जातींत पावसाच्या सुरुवातीला तो बाजूने येतो, काहींत नंतर मधून, आणि काहींत दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. तुऱ्याच्या टोकाची रंगीत पानं कुठल्या रंगाची? कंद आतून पांढरा, पिवळा की निळसर? काळ्या हळदीचा कंद आतून निळसर असतो. आंबेहळदीला कैरीचा वास असतो. म्हणजे ‘आधी तुरा, पानं मागून’ आणि ‘कंद मोडला की कैरीचा वास’ ही तुमची दोन वाक्यं त्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त बोलकी आहेत. फळ्यावर गणिताची पहिलीच ओळ लिहिली असेल तर वर्गातला हुशार मुलगाही गप्प बसतो, तसे हे लोक गप्प बसले. चुकीचं नाव सांगण्यापेक्षा काहीच न सांगणं त्यांना बरं वाटतं, आणि चांगल्या गटाची ही खूणच आहे. ज्या गटात कुठल्याही धूसर फोटोवर मिनिटाभरात ठाम नाव मिळतं, त्या गटापासून मी लांब राहते.

आता ते ‘आधी नियम वाचा’ प्रकरण. ते वाक्य रुक्ष होतं. ‘ताई, जागा आणि महिना लिहिलात तर सांगता येईल’ असं म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता. तुम्हाला लागलं ते साहजिक आहे. पण त्या माणसाने तुमचा अपमान करायचं ठरवलं होतं असं मला वाटत नाही. आठवड्यात अनेकदा त्याला तेच लिहावं लागत असणार. हा ताण ऑनलाइन गटांइतकाच जुना आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यात युजनेटची, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या चर्चेच्या जाळ्याची, कल्पना आली, आणि पुढच्या वर्षी ते लोकांसाठी सुरूही झालं. विषयवार चर्चेचे गट तिथूनच फोफावले. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, गटांत शिरत, आणि जुन्यांना तेच ते प्रश्न पुन्हा ऐकावे लागत. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून वर ठेवायची पद्धत तिथे रुजली ती यामुळेच. तुमच्या गटातली ‘नियम’ नावाची पिन केलेली पोस्ट त्याच घराण्यातली. ती शांतपणे वाचा. बहुधा तिच्यात तुम्हाला शिक्षा देणारं काही नसेल. फोटो कसा काढावा आणि सोबत काय लिहावं एवढंच असेल.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. कुणी रुक्षपणे वाट दाखवली तर वाट घ्यावी, रुक्षपणा तिथेच सोडावा. कुणी तुमच्या गावावरून, भाषेवरून, वयावरून किंवा बाई म्हणून हिणवलं, तर त्याला गटात उत्तर देत बसू नका. त्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या, ॲडमिनला खासगीत कळवा. ॲडमिनने दुर्लक्ष केलं तर मुलीचं ऐका आणि निघा. असं वागणं खपवून घेणाऱ्या गटात ज्ञान कितीही असलं तरी नवा माणूस टिकत नाही.

लिहिण्याआधी थोडे दिवस नुसतं वाचा. मायबोलीसारख्या जुन्या मराठी संकेतस्थळावर, जे १९९६ पासून चालू आहे, याला ‘रोमात असणं’ म्हणतात. पण वाचायचं ते नजर ठेवून. कुठल्या प्रश्नाला लगेच उत्तर मिळालं, त्या पोस्टमध्ये काय काय होतं? चुकीचं नाव सांगितलं गेलं तेव्हा कुणी, कोणत्या शब्दांत दुरुस्त केलं? नावाबरोबर कारणही सांगणारी माणसं कोणती? अशी दोन-तीन माणसं प्रत्येक गटात असतातच, आणि गट खरा चालतो तो त्यांच्यावर. त्यांची जुनी उत्तरं शोधून वाचा. गटाच्या शोधाच्या चौकटीत ‘रानहळद’, ‘सातारा’, ‘कोयना’ असे शब्द टाकून पाहा; देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही. तुमच्याच डोंगरावरचं तुमचंच रोप तिथे पूर्वी कुणी टाकलेलं सापडू शकतं.

यासाठीच मला ज्यांचं जुनं दप्तर उघडं राहतं असे गट आवडतात. २००७ मध्ये ‘इंडियनट्रीपिक्स’ नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘ईफ्लोरा ऑफ इंडिया’ झालेला गूगल ग्रुप पाहा. तिथे एका रोपावर झालेली चर्चा वर्षांनंतरही शोधून वाचता येते. व्हॉट्सॲपच्या गटाची अडचण इथेच आहे. नव्याने आलेल्याला आधीच्या चर्चा सहसा दिसत नाहीत, आजचं उत्तर उद्याच्या शंभर संदेशांखाली जातं, आणि त्याच रोपाचं नाव दर महिन्याला कुणीतरी नव्याने विचारतं. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबला जातो, बारीक लव, पानाच्या शिरा पुसट होतात. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता कामाचं बोलू. पोस्ट कशी टाकायची?

एका रोपाचे निदान पाच फोटो हवेत. पहिला जरा लांबून, म्हणजे रोप केवढं आहे आणि कुठे उभं आहे ते कळेल. मग पान वरून आणि खालून. पानाच्या पाठीकडे बघायचं बहुतेक नवखे विसरतात, आणि लव, शिरांचा रंग, ग्रंथी तिथेच असतात. पान खोडाला कसं जोडलंय तो भाग. फूल समोरून आणि बाजूने, शिवाय मागून, कारण फुलाच्या देठाशी असलेला हिरवा भाग ओळखीसाठी फार महत्त्वाचा. फळ किंवा शेंग असेल तर तीही. झाड असेल तर साल. आकार कळावा म्हणून एखाद्या फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. पावसाळ्यात वाऱ्याने फूल हलतं. मागे हात धरला की ते स्थिर राहतं आणि कॅमेरा मागच्या गवताऐवजी फुलावर रोखला जातो. भर उन्हात छत्रीची सावली धरा. फोटो टाकण्याआधी मोबाइलवर मोठा करून पाहा. तुम्हालाच लव दिसत नसेल तर त्यांना दिसणार नाही.

कंद दाखवण्यासाठी अख्खं रोप उपटू नका. गड्डे भरपूर असतील तरच एकाचा लहानसा तुकडा काढा, तो कापून आतल्या बाजूचा फोटो लगेच घ्या, रंग बदलायच्या आत.

एका धाग्यात, म्हणजे एक पोस्ट आणि तिच्याखालची चर्चा यांत, एकच रोप. दोन वेगळ्या रोपांचे फोटो एकत्र टाकले की उत्तर देणाऱ्याचा गोंधळ होतो आणि तुमचाही.

पोस्टचं शीर्षक ‘प्लीज मदत करा’ असं देऊ नका. शीर्षकातच कामाचं सांगा. तुमची पोस्ट मी लिहिली असती तर साधारण अशी:

‘सातारा जिल्हा, पाटण तालुका. जुलै. हळदीसारखं कंदाचं रोप. कातळाच्या भेगेत, उघड्या जागी, आपोआप उगवलेलं. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आधी गुलाबी तुरा जमिनीतून आला, पानं नंतर फुटली. उंची गुडघ्याएवढी. कंद आतून अमुक रंगाचा, वास कैरीसारखा. वाडीत याला रानहळद म्हणतात. शेजारच्या गावात त्याच नावाने वेगळं रोप दाखवतात. पूर्वी मुका मार लागल्यावर कंद उगाळून लावत. मला वाटतं हळदीच्या कुळातलं असावं. जात कोणती, आणि ती कशावरून ओळखावी, हे सांगाल का?’

यातले ‘आपोआप उगवलेलं’ हे शब्द वगळू नका. लावलेलं रोप जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेलं असू शकतं, त्यामुळे रानातलं की बागेतलं हे कळलं की शक्यता एकदम कमी होतात. ‘मला वाटतं’ हेही ठेवाच. तुमचा अंदाज चुकला तरी बिघडत नाही. त्यातून तुम्ही स्वतः डोकं चालवलंय हे कळतं, आणि अशा माणसाला समजावून सांगायला कुणालाही हुरूप येतो. शेवटचं ‘कशावरून’ तर सगळ्यांत महत्त्वाचं. नुसतं नाव मिळालं तर एक रोप कळेल. खूण कळली तर पुढची दहा तुम्हीच ओळखाल.

इंग्रजीची काळजी करू नका. फोटो, महिना, तालुका आणि उंचीचा आकडा कुठल्याही भाषेत कळतात. मराठीत लिहा, खाली दोन-तीन साध्या इंग्रजी ओळी मुलीकडून किंवा भाषांतराच्या ॲपमधून घ्या. लॅटिन नावं वाचताना अडखळायला होतं, पण त्यांचा उच्चार तुम्हाला कुणी विचारणार नाही. ती नकलून घ्यायची, वहीत मराठी नावाशेजारी लिहायची. त्यांचा उपयोग केवढा आहे हे तुमच्या दोन गावांच्या रानहळदीने तुम्हाला आधीच शिकवलंय. ‘ब्राह्मी’ म्हणून कुणी ओढ्याकाठची बारीक मांसल पानांची वेल दाखवतं, कुणी गोल पानांची मंडूकपर्णी. ‘शंखपुष्पी’ या एका नावाने निरनिराळ्या भागांत तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यांत गोकर्णसुद्धा. उलट कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो, रोप तेच. अशी माहिती ग्रंथालयात बसून मिळत नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात ती असते, आणि त्यांच्याशी तुमचं रोजचं बोलणं आहे.

मला तुम्हाला कळकळीने सांगायचंय ते हे. नवा सभासद म्हणजे फक्त मागणारा, असं समजून तुम्ही त्या गटात संकोचाने उभ्या आहात. प्रत्यक्षात रोपापाशी फक्त तुम्ही आहात. ते प्राध्यापक कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात बसलेत. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत, शनिवार-रविवारी हजारो फोटो निघतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्यापासून तर जास्तच. पण ते सगळे फुलाच्या बहराचे. फुलाच्या आधीचा कोंब, नंतरचं फळ, फेब्रुवारीत वाळलेली काडी, यांचे फोटो फार कमी मिळतात, कारण तेव्हा तिथे कुणी जात नाही. तुम्ही तिथेच राहता. एकाच रोपाचा फोटो वर्षभर दर महिन्याला टाकलात, तर ती नोंद त्या गटातल्या जाणत्यांनाही उपयोगी पडेल. कारवी सात वर्षांनी फुलते हे सगळे म्हणतात. तुमच्या उतारावरची कारवी कुठल्या वर्षी फुलली हे सांगणारे किती आहेत? सासूबाईंच्या वयाच्या बायकांना विचारा, लग्नं आणि बाळंतपणं यांच्या आठवणींवरून त्या वर्ष सांगतील.

पोस्ट टाकल्यावर आठवडाभर थांबा. ही सगळी माणसं आपापली कामं सांभाळून फुकट वेळ देतात. आठवड्याने काही आलं नाही तर त्याच धाग्यात एकदा आठवण करा, आणि शक्यतो रिकाम्या हाताने नको. एखादा नवा फोटो किंवा नवी माहिती जोडा. जाणत्या माणसाला खासगी संदेश पाठवून विचारू नका. त्याच्यावर ओझं येतं, आणि मिळालेलं उत्तर बाकीच्यांना दिसत नाही. एकच प्रश्न एकाच दिवशी पाच गटांत टाकणंही टाळा. तीच माणसं त्या पाचही गटांत असतात.

दोघांनी दोन नावं सांगितली तर घाबरू नका, आणि कुणाची पदवी मोठी यावरून ठरवू नका. नम्रपणे विचारा, ‘या दोघींत फरक कशाने कळेल? मी उद्या पुन्हा जाऊन बघू शकते.’ हे शेवटचं वाक्य तिथे क्वचितच कुणाला म्हणता येतं. त्याने वाद थांबतो आणि काम पुढे सरकतं. कधी कधी उत्तर ‘फोटोवरून सांगता येणार नाही’ असंही येईल, तेही खरं उत्तर आहे. गवतं, लव्हाळे, सड्यावरचे पांढरे गेंद यांचं असंच होतं. गेंदाची जात ठरवायला कित्येकदा बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. तेवढी खात्री हवीच असेल तर दाबून वाळवलेला नमुना लागतो, आणि तो ताडून बघण्याची सोय पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी असते.

नाव ठरलं की धाग्यात आभार माना. पुढे फळ धरेल तेव्हा त्याच धाग्यात फोटो टाका.

आता काही गोष्टी सावधगिरीच्या, आणि यात मी ठाम आहे.

गटाने ओळखलं म्हणून काहीही खाऊ नका, कुणाला औषध म्हणून देऊ नका. अगदी मोठ्या जाणकाराने सांगितलं तरीही. जी रानभाजी तुम्ही लहानपणापासून ओळखता ती जरूर खा, पण जिची ओळख फोटोवर झाली ती नाही. कळलावी आपल्याकडे पावसाळ्यात सर्रास दिसते, फुलं किती सुंदर. तिच्या सगळ्या भागांत विष आहे, कंदात विशेष, आणि खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत. सासूबाईंचा उपयोग गटात नोंदवा, तो मोलाचा आहे. पण ‘पूर्वी लावत असत’ असाच नोंदवा. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या नावाचं भलतंच रोप उगाळेल.

दुर्मीळ रोप सापडलं तर त्याची नेमकी जागा कुठल्याही गटात सांगू नका. तालुका पुरे. कंदीलपुष्पांच्या काही जाती सह्याद्रीत अगदी मोजक्या ठिकाणी उरल्या आहेत, ऑर्किडं तर हौसेपायी उपटून नेली जातात. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ते तसेच जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून ठेवा. ‘कंद पाठवा, चांगले पैसे देतो’ असा खासगी संदेश आला तर उत्तरच देऊ नका, ॲडमिनला सांगा.

व्हॉट्सॲपच्या गटात तुमचा नंबर सगळ्या सभासदांना दिसतो, ओळखीच्या आणि अनोळखी. मुलीला सांगून प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी करून घ्या: तुम्हाला गटात कोण घेऊ शकेल तिथे फक्त ओळखीचे लोक, आणि प्रोफाइल फोटोही फक्त ओळखीच्यांना. पैसे, ओटीपी, लिंक मागणाऱ्याशी बोलू नका.

मुलीने सुचवलेल्या व्हॉट्सॲप गटांपैकी एखादा तालुक्यापुरता, लहानसा, ओळखीच्या माणसांचा असेल तर तोही ठेवा. कुठे काय फुललंय हे तिथे लवकर कळेल, बरोबर डोंगर चढायला सोबत मिळेल. तिथल्या सुप्रभात संदेशांचा त्रास होत असेल तर गट म्यूट करा, कुणाला कळत नाही. आणि गप्पांपेक्षा नुसत्या नोंदी ठेवायला आवडत असेल तर आयनॅचरलिस्ट हे ॲप पाहा. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते उभं राहिलं. फोटो टाकला की यंत्र आधी काही नावं सुचवतं. ती फक्त इशारा म्हणून घ्या, आपल्याकडच्या कमी फोटो असलेल्या रोपांबाबत तर नक्कीच. नंतर माणसं ओळख पटवतात. दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झालं आणि जागा, तारीख वगैरे नीट भरलेलं असलं की ती नोंद संशोधनात वापरण्याजोगी धरली जाते. तिथे नेमकी जागा झाकून ठेवायचीही सोय आहे.

तुमच्या आधीच्या पोस्टचं काय करायचं? ती काढू नका. त्याच धाग्यात लिहा: ‘नियम वाचले. राहिलेली माहिती आणि नवे फोटो देत आहे.’ एवढंच. खुलासा नको, माफीही नको. त्या गृहस्थांना वेगळं काही लिहू नका. बहुधा तेच पहिले उत्तर देतील.

तुरा आता वाळला असेल. त्यासाठी पुढच्या जूनपर्यंत थांबू नका. पानं, कंद आणि जागा यांचे फोटो आताच घ्या, आणि वाडीत कुणाच्या मोबाइलमध्ये तुऱ्याचा जुना फोटो आहे का ते विचारा. मिळाला तर तो कोणत्या महिन्यातला आहे हे लिहून सोबत जोडा. आणि एखाद्या उघडीपीच्या दिवशी शेजारच्या गावात जाऊन त्यांची रानहळद पाहून या. तिचा धागा वेगळा काढा, पहिल्या धाग्याचा दुवा त्यात द्या.